‘डाउनलोड केले, पण उघडत नाही’ : ॲक्सेसमधील प्रणाली वितरित करताना पुन:पुन्हा येणारी अडचण

ग्रंथालयाच्या देवघेवीसाठी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या कार्यक्रमात तयार केलेली एक छोटी प्रणाली मी काही वर्षांपासून गावोगावच्या वाचनालयांना देत आलो आहे. सुरुवातीला ती पेनड्राइव्हवरून जात असे. पुढे ती संकेतस्थळावरून उतरवून घेण्याची सोय केली आणि पहिल्याच आठवड्यापासून एकाच वाक्याचे फोन सुरू झाले : ‘डाउनलोड केले, पण उघडत नाही.’ चक्रावून टाकणारी गोष्ट ही की तीच फाइल त्याच संगणकावर पेनड्राइव्हने नेली, तर ती निमूटपणे उघडत असे. म्हणजे फाइल खराब नव्हती, संगणकही खराब नव्हता. दोष मधल्या वाटेत होता.

या तक्रारीच्या मुळाशी एक नव्हे, तर चार-पाच निरनिराळी कारणे असतात, आणि वापरणारी व्यक्ती त्या सर्वांना एकाच वाक्यात सांगते. म्हणून सर्वप्रथम पडद्यावर उमटलेल्या संदेशाचे छायाचित्र मागवावे. ‘काहीतरी एरर येते आहे’ एवढ्यावर उपाय सुचवू लागलो, की ज्याच्या ऑफिसचा प्रकार (३२-बिट की ६४-बिट) फाइलीशी जुळत नाही त्याला आपण सुरक्षेचे उपाय सांगत बसतो आणि दोघांचाही अर्धा दिवस वाया जातो.

फाइलला चिकटलेली खूण

पेनड्राइव्हचे कोडे आधी सोडवू. ब्राउझरने उतरवलेल्या प्रत्येक फाइलला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी जोडते; ‘झोन आयडेंटिफायर’ या नावाने ती एनटीएफएस फाइलप्रणालीत मूळ फाइलच्या सोबत राहते आणि फाइल इंटरनेटवरून आल्याची नोंद तीत ३ या आकड्याने असते. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. त्या पद्धतीत अशी जोडचिठ्ठी ठेवायला जागाच नसते, त्यामुळे पेनड्राइव्हवरून गेलेली फाइल खुणेविना पोहोचते आणि उघडते.

ही खूण पूर्वीही होती, परंतु २०२२ सालापासून तिचे वजन वाढले. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधील मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना, मूलतःच अडवण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी फेब्रुवारीत जाहीर केले, जुलैमध्ये काही दिवस थांबवले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा लागू केले. वर्ड आणि एक्सेलप्रमाणे ॲक्सेसही त्यात आले. पूर्वी पिवळ्या पट्टीवर ‘एनेबल कंटेंट’ दाबले की काम होत असे. आता लाल पट्टी येते आणि तिच्यावर तसे बटणच नसते. ज्या प्रणालीचा आरंभच मॅक्रोने होतो ती अशा वेळी उघडल्यासारखी दिसते, पण तिच्यातील एकही बटण हलत नाही.

तात्पुरता उपाय सोपा आहे. फाइलवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जावे आणि तळाशी असलेल्या ‘अनब्लॉक’च्या चौकटीत खूण करावी. मात्र हा उपाय प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी करावा लागतो, म्हणून वितरण करणाऱ्याने त्यावर विसंबून राहू नये. कायमचा उपाय म्हणजे ॲक्सेसची फाइल उघड्याने किंवा झिपमध्ये न देता इन्स्टॉलरमधून, म्हणजे फाइली योग्य जागी बसवून देणाऱ्या कार्यक्रमातून, देणे. उतरवलेल्या इन्स्टॉलरला खूण लागते, पण त्याने डिस्कवर लिहिलेल्या फाइलींना ती लागत नाही. मी त्यासाठी इनो सेटअप वापरतो. ते विनामूल्य आहे, १९९७ पासून चालू आहे आणि त्याची मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलीत बसते. ॲक्सेसचा स्वतःचा पॅकेज विझार्ड २०१३ च्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तो शोधत बसण्यात अर्थ नाही.

झिपबद्दल आणखी एक सावधगिरी सांगतो, कारण तिची किंमत एका वाचनालयाने मोजली आहे. अनेकजण झिप उलगडत नाहीत. तिच्यावर दोनदा टिचकी मारतात आणि आतल्या फाइलीवरही तसेच करतात. त्या वेळी विंडोज फाइलची एक प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढून तीच उघडते. दिवसभर केलेल्या नोंदी त्या प्रतीत जातात, मूळ झिपमध्ये नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी झिप उघडली की नोंदवही पुन्हा कोरी दिसते.

इन्स्टॉलरने जेथे फाइल ठेवली ते फोल्डर ॲक्सेसला विश्वासार्ह म्हणून कळवणेही आवश्यक आहे. अन्यथा दर वेळी सुरक्षेची सूचना येत राहते. ही नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदसाठ्यात, चालू वापरकर्त्याच्या शाखेत, ऑफिसच्या आवृत्तीखालील ॲक्सेसच्या ‘सिक्युरिटी’ विभागातील ‘ट्रस्टेड लोकेशन्स’मध्ये करावी लागते. २०१६ पासून पुढच्या सर्व आवृत्त्यांचा क्रमांक १६.० हाच आहे, एवढी तरी सोय झाली आहे. येथे एक सापळा आहे. ही नोंद वापरकर्त्यागणिक असते. कार्यालयातील लिपिकाकडे प्रशासकाचे अधिकार नसल्याने त्याने इन्स्टॉलर चालवताना दुसऱ्या कोणीतरी येऊन प्रशासकाचा पासवर्ड घातला, तर नोंद त्या प्रशासकाच्या खात्यात होते आणि लिपिकाच्या खात्यात प्रणाली पूर्वीइतकीच अविश्वासार्ह राहते. म्हणून इन्स्टॉलरला प्रशासकाचे अधिकार मागूच देऊ नयेत. इनो सेटअपमध्ये ‘किमान अधिकार’ असा पर्याय आहे, तो निवडावा आणि कार्यक्रम वापरकर्त्याच्या ‘लोकल ॲपडेटा’ या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसवावा.

३२ की ६४

खूण काढल्यावरही फाइल उघडली नाही आणि संदेशात ‘३२-बिट आवृत्तीत तयार झालेली’ असे शब्द असतील, तर तो दुसरा आजार आहे. संहिता (प्रोग्रामचा कोड) कोणी पाहू किंवा बदलू नये म्हणून आपण ॲक्सेसच्या नेहमीच्या ‘एसीसीडीबी’ फाइलची बंदिस्त ‘एसीसीडीई’ करतो. या रूपात संहिता आधीच संकलित (कम्पाइल) केलेली असते, त्यामुळे ३२-बिट ॲक्सेसमध्ये केलेली ‘एसीसीडीई’ ६४-बिट ॲक्सेसमध्ये उघडत नाही आणि उलटही तेच. बिट म्हणजे विंडोजचे नव्हेत, ऑफिसचे. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट ऑफिस सुखाने नांदते आणि ग्राहक फोनवर नेमके विंडोजचे बिट सांगतो. ऑफिसचे बिट पाहण्यासाठी एक्सेल उघडून ‘फाइल’, मग ‘अकाउंट’, मग ‘अबाउट एक्सेल’ येथे जावे. वरच्या पहिल्या ओळीच्या शेवटी ते लिहिलेले असतात.

ज्यांच्याकडे ॲक्सेस नाही त्यांना मायक्रोसॉफ्टचे विनामूल्य ॲक्सेस रनटाइम, म्हणजे तयार प्रणाली केवळ चालवणारे रूप, पुरते. घरगुती वापराच्या अनेक ऑफिस संचांत ॲक्सेस नसतेच, तेव्हा रनटाइमची गरज वरचेवर पडते. पण संगणकावर वर्ड आणि एक्सेल ६४-बिट असतील, तर रनटाइमही ६४-बिटच लागते. दोन्ही प्रकारचे ऑफिस एकाच संगणकावर शेजारी शेजारी बसवता येत नाहीत. मुळात ऑफिसच नसेल तर आपल्या फाइलीशी जुळणारे कोणतेही रनटाइम चालते.

यावर माझ्या मते दोनच सरळ मार्ग आहेत. एक म्हणजे दोन्ही प्रकारच्या ‘एसीसीडीई’ फाइली दोन वेगळ्या संगणकांवर किंवा आभासी यंत्रांवर (व्हर्च्युअल मशीन) तयार करून इन्स्टॉलरमध्ये एकत्र घालाव्यात आणि कोणती बसवायची हे त्यालाच ठरवू द्यावे. ऑफिस ‘क्लिक-टू-रन’ पद्धतीने बसवलेले असेल, तर रजिस्ट्रीतील त्याच नावाच्या शाखेखाली ‘कॉन्फिगरेशन’मध्ये ‘प्लॅटफॉर्म’ या नावाने उत्तर मिळते. इन्स्टॉलर स्वतः ३२-बिट असेल, तर विंडोज त्याला रजिस्ट्रीची वेगळी ३२-बिट बाजू दाखवते आणि ऑफिस नाहीच असा त्याचा समज होतो. ६४-बिट बाजू वाचण्याचे वेगळे नाव इनो सेटअपमध्ये आहे, ते वापरावे. दुसरा मार्ग म्हणजे ‘एसीसीडीई’चा आग्रह सोडून असंकलित फाइल देणे. ती दोन्हीकडे उघडते, फक्त विंडोजच्या अंतर्गत कार्यांची घोषणा करणाऱ्या ओळींत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द असावा लागतो. संहिता उघडी राहते हे खरे; पण वाचनालयाच्या देवघेवीच्या संहितेत चोरण्यासारखे काय आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि बराच काळ दुसऱ्या मार्गाने गेलो.

‘एसीसीडीई’ करायचीच असेल, तर आपण ज्या सर्वांत जुन्या ॲक्सेसला आधार देणार आहोत त्यातच ती करावी. नव्या ॲक्सेसमध्ये विकसित केलेली प्रणाली एक्सेलच्या नव्या वस्तुसंग्रहाचा (ऑब्जेक्ट लायब्ररीचा) संदर्भ धरून बसते. जुन्या संगणकावर तो संदर्भ ‘मिसिंग’ होतो आणि त्याचा परिणाम असा विचित्र होतो की एक्सेलशी काडीचाही संबंध नसलेली, आजची तारीख देणारी ‘डेट’सारखी कार्येही चालेनाशी होतात. एक्सेल आणि आउटलुकचे संदर्भ काढून टाकून त्या वस्तू चालू असतानाच नावाने मागवणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

रनटाइमविषयी आणखी एकच सांगतो. पूर्ण ॲक्सेसमध्ये संहितेतील न हाताळलेली चूक एक खिडकी उघडते आणि आपल्याला दुरुस्त करू देते. रनटाइममध्ये तीच चूक संपूर्ण प्रणाली बंद करते. ‘मध्येच बंद पडते’ अशी तक्रार आली की प्रत्येक कार्यपद्धतीत चूक पकडणाऱ्या ओळी आहेत की नाहीत हे पाहावे. आपल्या संगणकावर हे अनुभवायचे असेल, तर फाइलचे शेपूट (एक्स्टेन्शन) बदलून ‘एसीसीडीआर’ करावे. पूर्ण ॲक्सेस ती फाइल रनटाइमसारखीच उघडते.

नोंदी कोठे ठेवाव्यात

आतापर्यंतच्या चुका फार तर त्रासदायक आहेत. पुढची चूक मी स्वतः केली आणि तिने एका वाचनालयाच्या जवळपास तीन महिन्यांच्या नोंदी पुसल्या.

पहिल्या आवृत्तीत फॉर्म, अहवाल आणि तक्ते सर्व एकाच फाइलीत होते. दुसरी आवृत्ती काढताना मी इन्स्टॉलरला नवी फाइल जुनीच्या जागी ठेवायला सांगितले, आणि त्याने ते इमानेइतबारे केले. जुन्या फाइलीबरोबर तिच्यातील सभासद, पुस्तके आणि देवघेव सर्व गेले. मागे उरले ते माझे नमुन्याचे पाच सभासद. ग्रंथपालबाईंनी फोनवर शांतपणे विचारले, ‘अहो, हे कोण लोक आहेत?’ सुदैवाने वाचनालयाची कागदी नोंदवही चालू होती.

त्यामुळे फाइल दोन भागांत विभागणे हा माझ्या दृष्टीने पर्याय नसून पूर्वअट आहे. पुढची फाइल फॉर्म, अहवाल आणि संहिता यांची. मागची फाइल फक्त तक्त्यांची. पुढची फाइल प्रत्येक आवृत्तीला बेलाशक बदलावी, मागचीला इन्स्टॉलरने हातही लावू नये. इनो सेटअपमध्ये ‘अस्तित्वात नसेल तरच ठेवा’ आणि ‘काढून टाकताना कधीही काढू नका’ अशा सूचना देता येतात, पण माणूस एखाद्या दिवशी ती ओळ लिहायला विसरतो. म्हणून मी मागची फाइल तिच्या खऱ्या नावाने इन्स्टॉलरमध्ये घालतच नाही. कोऱ्या तक्त्यांची एक फाइल ‘नमुना’ या नावाने जाते, आणि पुढची फाइल सुरू होताना खऱ्या नावाची फाइल जागेवर नसेल तरच ती नमुन्याची प्रत करून घेते.

खरी फाइल कोठे ठेवायची, याला एकच उत्तर नाही. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ती कदापि ठेवू नये. विंडोज व्हिस्टापासून सामान्य वापरकर्त्याला तेथे लिहिण्याचा अधिकार नाही, आणि ॲक्सेसला डेटाबेसशेजारी कुलपाची छोटी ‘एलएसीसीडीबी’ फाइल तयार करावी लागते. ती करता आली नाही की डेटाबेस केवळ वाचण्यापुरता उघडतो. यादी दिसते, शोधही लागतो, परंतु नवी नोंद करताना ३०२७ किंवा ३०७३ या क्रमांकाची त्रुटी येते. या दोन क्रमांकांपैकी एखादा छायाचित्रात दिसला की संहिता तपासण्याआधी फोल्डरचे अधिकार तपासावेत.

‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर सोयीचे वाटते, पण आजकाल ते पुष्कळदा वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याशी जोडलेले असते. उघड्या असलेल्या डेटाबेसची मागल्या मागे प्रत वर चढवणारी आणि खाली उतरवणारी व्यवस्था आणि ॲक्सेसची कुलपाची व्यवस्था यांचे जमत नाही. एकाच फाइलच्या दोन प्रती निर्माण होणे किंवा फाइल बिघडणे हे त्याचे परिणाम आहेत. एकच व्यक्ती वापरणार असेल, तर ‘लोकल ॲपडेटा’ ठीक आहे, मात्र ते फोल्डर लपलेले असल्याने प्रत काढून ठेवण्याचे बटण प्रणालीतच द्यावे लागते. एका संगणकावर अनेकजण आपापल्या खात्यांतून काम करणार असतील, तर ‘प्रोग्रामडेटा’ योग्य. तेथे एका खात्याने निर्माण केलेली फाइल दुसऱ्या सामान्य खात्याला मूलतः बदलता येत नाही. त्या फोल्डरपुरता सर्वांना बदलाचा अधिकार देण्याचे काम इन्स्टॉलरने केले पाहिजे, आणि तेवढ्यापुरते प्रशासकाचे अधिकार मागावे लागतात. मग वर सांगितलेली विश्वासार्ह फोल्डरची नोंद इन्स्टॉलरने न करता प्रत्येक खात्यात पहिल्या वेळी शॉर्टकटमागच्या छोट्या कार्यक्रमाने करावी.

मागची फाइल हलली की पुढच्या फाइलमधील तक्त्यांचे दुवे तुटतात आणि ३०२४ किंवा ३०४४ क्रमांकाची त्रुटी येते; पहिली फाइल सापडत नसल्याची, दुसरी मार्ग चुकीचा असल्याची. विकसकाच्या संगणकावरचा मार्ग दुव्यांत तसाच राहिल्याने पहिल्याच दिवशी ही त्रुटी येणे अगदी नेहमीचे आहे. आरंभीच्या मॅक्रोमधून, तक्त्यांशी जोडलेला एकही फॉर्म उघडण्याच्या आधी, सर्व दुवे तपासून नव्या मार्गावर ताजे करावेत. ‘एसीसीडीई’मध्ये फॉर्मची रचना बदलता येत नसली, तरी तक्त्यांचे दुवे बदलता येतात.

तक्त्यांची रचनाही कालांतराने बदलतेच. त्यासाठी मागच्या फाइलीत रचनेचा क्रमांक धरणारा एक ओळीचा तक्ता ठेवावा. पुढची फाइल तो क्रमांक वाचते आणि स्वतःला अपेक्षित क्रमांकापेक्षा तो लहान असेल, तर आधी मागच्या फाइलची तारखेसह प्रत काढते आणि मग एकेक पायरी चढवते. दुसरे कोणी त्याच वेळी काम करत असेल तर हे थांबवावे. अनन्य निर्देशांक (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा) नव्याने लावताना विशेष काळजी घ्यावी. आपल्या नमुन्याच्या माहितीत दुबार सभासद क्रमांक नसतात, खऱ्या वाचनालयात असतातच.

देवनागरीमुळे येणाऱ्या अडचणी

इंग्रजीतील मार्गदर्शनात हा भाग मिळत नाही. ॲक्सेसची संहिता ज्या व्हीबीए भाषेत लिहितात तिचा संपादक युनिकोड जाणत नाही आणि देवनागरीला विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचे संकेतपृष्ठच (कोड पेज) नाही. त्यामुळे संहितेत थेट लिहिलेला मराठी संदेश प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसतो. सर्व संदेश एका तक्त्यात ठेवून स्वतःच्या फॉर्मवर दाखवावेत. तक्ते आणि फॉर्म देवनागरी व्यवस्थित सांभाळतात.

याच कारणाने एक अधिक गूढ बिघाड होतो. विंडोजमधील खात्याचे नाव देवनागरीत असेल, तर ‘लोकल ॲपडेटा’च्या मार्गात ते नाव येते, आणि व्हीबीएची फाइल शोधण्याची व प्रत करण्याची जुनी कार्ये त्या मार्गाला ओळखत नाहीत. फाइल डोळ्यांसमोर असते आणि प्रणाली म्हणते की ती नाही. ही कार्ये टाळून ‘फाइल सिस्टिम ऑब्जेक्ट’ वापरले की प्रश्न सुटतो. माझ्या चाचणीच्या यंत्रावर आता मुद्दाम ‘ग्रंथपाल’ या नावाचे एक खाते आहे.

अक्षरवळणाचेही पाहावे. मंगल फॉन्ट सर्वत्र असतो हे गृहीतक विंडोज १० पासून खरे राहिलेले नाही. तो आता देवनागरीच्या पूरक फॉन्टसंचात गेला आहे. त्याच्या मापाने आखलेल्या चौकटींत दुसरा फॉन्ट आला की काने-मात्रे कापले जातात. विंडोज ८ पासून उपलब्ध असलेला निर्मला यूआय वापरल्यास ही कटकट राहत नाही.

चाचणी आणि स्वाक्षरी

स्वतःच्या संगणकावर केलेली चाचणी ही चाचणी नव्हे. विंडोज सँडबॉक्स दर वेळी कोरे यंत्र देते आणि बंद केले की विसरते, म्हणून इन्स्टॉलरसाठी ते उत्तम आहे. परंतु त्यातील खाते प्रशासकाचे असते, त्यामुळे अधिकारांच्या चुका तेथे दिसत नाहीत. सामान्य खाते असलेले एक आभासी यंत्र वेगळे ठेवावे आणि त्यात फाइल सामायिक फोल्डरमधून न टाकता खरोखर ब्राउझरने उतरवावी, नाहीतर चिकटलेली खूण चाचणीतून निसटते.

इन्स्टॉलरवर डिजिटल स्वाक्षरी नसेल तर विंडोजच्या स्मार्टस्क्रीन या सुरक्षातपासणीचा निळा पडदा येतो. जून २०२३ पासून स्वाक्षरीची खाजगी किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवण्याचा नियम लागू झाल्याने हा खर्च आणि खटाटोप दोन्ही वाढले आहेत. स्वाक्षरी घेतलीच, तर ती काळमुद्रेसह (टाइमस्टॅम्प) करावी, म्हणजे प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही जुने इन्स्टॉलर वैध राहतात. स्वाक्षरी नसेल तर उतरवण्याच्या दुव्याशेजारी फाइलचा आकार आणि एसएचए-२५६ मूल्य (फाइल न बदलल्याची खात्री करून देणारा तिचा ठसा) द्यावे, आणि निळ्या पडद्याचे चित्र देऊन ‘मोअर इन्फो’ व ‘रन एनीवे’ कोठे आहेत ते दाखवावे. ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना मात्र कोणालाही देऊ नये.

अखेर, प्रणालीच्या पहिल्याच पडद्यावर ‘माहिती’ असे एक बटण ठेवावे. माझ्याकडे त्यावर आवृत्ती, ॲक्सेसचे बिट, पूर्ण ॲक्सेस की रनटाइम, मागच्या फाइलचा पूर्ण मार्ग, तिच्या रचनेचा क्रमांक आणि त्या फोल्डरमध्ये लिहिता येते की नाही, एवढे सहा ओळींत दिसते. बंद पडलेल्या प्रणालीतही ते दिसावे, म्हणून ती माहिती प्रत्येक वेळी सुरू होताना एका साध्या मजकुराच्या फाइलीतही लिहिली जाते. फोन आला की मी आता एवढेच विचारतो, ‘त्या सहा ओळी वाचून दाखवता का?’